माझं मराठी आणि बाईंचा परवाना

परीक्षा पास झाल्याचं कळलं तेव्हा मी पहिला फोन कराडला आईला केला. म्हटलं, "आई, मी ब्रोकर झाले."

आईने जरा विचार केला. "म्हणजे दलाल?"

"हो."

"तात्यांसारखी?"

तात्या म्हणजे आमच्या आळीतले दलाल. सायकल, कानावर पेन्सिल, सदऱ्याच्या खिशात छोटी डायरी. कोणाला घर विकायचंय, कोणाचा भाडेकरू निघतोय, कोणाच्या वाटण्या व्हायच्यात, सगळं त्या डायरीत. परवाना त्यांना कोणी दिला नव्हता आणि कोणी मागितलाही नव्हता. व्यवहार चहावर ठरायचा. काही बिनसलं की आळी तात्यांना बोलायची, तात्या आळीला बोलायचे, आणि पुढच्या घराला पुन्हा तेच लागायचे.

मी आईला म्हटलं, "साधारण तसंच."

ते तसं अजिबात नव्हतं. मुळात मी ब्रोकर झालेच नव्हते, आणि ही चूक माझी मलासुद्धा ठाऊक नव्हती.

आपल्याकडे ब्रोकर, एजंट, दलाल हे एकाच माणसाला म्हणायचे शब्द. कॅलिफोर्नियात त्या दोन पायऱ्या आहेत. खालची सेल्सपर्सनची, वरची ब्रोकरची. वरच्या पायरीवर जायचं तर एकूण आठ विषयांचा अभ्यास, साधारणपणे दोन वर्षं पूर्ण वेळ सेल्सपर्सन म्हणून काढलेली, आणि वेगळी परीक्षा. मी दिली ती खालची. तीन विषय, प्रत्येकी ४५ तास, एकूण १३५. त्यानंतर बोटांचे ठसे. हे ठसे राज्याच्या न्यायखात्याकडे आणि एफबीआयकडे जातात हे कळल्यावर नवऱ्याने विचारलं, "घर विकणार आहेस की बँक लुटणार आहेस?" कराडच्या शाळेत नऊ वर्षं गणित शिकवलेल्या बाईला सेहेचाळिसाव्या वर्षी हे ऐकायला लागलं.

परीक्षा ओकलंडला झाली. तीन तास, १५० प्रश्न, पास व्हायला ७० टक्के. अभ्यास करताना एका गोष्टीने मात्र फार बरं वाटलं. पुस्तकात एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट असं दिलं होतं आणि बरोबरची मंडळी तो आकडा घोकत होती. मला घोकावा लागला नाही. आजोबांच्या तोंडी कायम गुंठेच असायचे. गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. गुणाकार केला आणि बरोबर ४३,५६० आले. साहेबाने जाताना साताऱ्यात ठेवलेलं माप मला ओकलंडमध्ये कामाला आलं. 'ईझमेंट' नावाचं प्रकरणही असंच. दोन पानं वाचून झाल्यावर लक्षात आलं, अरे, हा तर वहिवाटीचा रस्ता! शेजारच्या रानातून बैलगाडी न्यायचा हक्क.

पास झालं की तुम्ही पास आहात एवढंच कळवतात, गुण सांगत नाहीत. नापासांना मात्र गुण कळतात. हे मराठी घरात समजावून पाहा. "किती पडले?" "सांगत नाहीत." "असं कसं सांगत नाहीत?" सासूबाईंना अजून वाटतं की मी काठावर पास झाले आणि लपवते आहे.

परवाना आला. चार वर्षांचा. मी व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकणार तेवढ्यात लक्षात आलं की त्या परवान्यावर काहीही करता येत नाही. सेल्सपर्सनचा परवाना एकट्याने चालतच नाही, कोणातरी ब्रोकरच्या हाताखाली तो लावावा लागतो. तोवर तो नुसता कागद. घर दाखवायचं नाही, जाहिरात करायची नाही, दलाली घ्यायची नाही. पुढेही दलाली घ्यायची ती फक्त आपल्या ब्रोकरच्या हातून. घर विकणाऱ्याने खूश होऊन माझ्या नावाने परस्पर चेक दिला, तर तो मी घेणंसुद्धा कायद्याविरुद्ध.

मग ब्रोकर शोधणं आलं. मोठ्या कंपन्यांत शेकडो एजंट असतात, तिथे माझी छाती दडपली. शेवटी फ्रीमाँटमध्ये दातांच्या दवाखान्यावर दोन खोल्यांचं ऑफिस असलेल्या एका बाई मिळाल्या. वय अडुसष्ट, चष्म्याला साखळी, टेबलावर हिरव्या शाईचं पेन. मी त्यांना मनात पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणते, शाळेतल्यासारखं. मला वाटलं, किती लोक ओळखतेस, वर्षाला किती घरं विकशील, असं विचारतील. त्यांनी विचारलं, "गिऱ्हाइकांशी कुठल्या भाषेत बोलशील?"

"बरंचसं मराठीत."

"मला ती येत नाही," त्या म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. हा नोकरीच्या मुलाखतीत विचारायचा प्रश्न आहे का, असं मला वाटलं. तो का विचारला ते कळायला चार महिने गेले.

आमचा लेखी करार झाला. तो कायद्यानेच लागतो. करारात लिहिलं होतं की मी स्वतंत्र व्यावसायिक आहे, माझा कर मी भरायचा, पगार नाही, रजा नाही. पुढच्याच पानावर लिहिलं होतं की माझ्या प्रत्येक कामावर बाईंची देखरेख राहील. मी म्हटलं, स्वतंत्र तर देखरेख कशाला? बाई म्हणाल्या, कर खात्यासाठी तू स्वतंत्र आहेस, रिअल इस्टेट खात्यासाठी माझ्या हाताखालची आहेस. दोन खाती, दोन नाती. सासरी सून आणि माहेरी लेक, तसं काहीसं समजून मी सही केली.

त्यांच्या भिंतीवर एका नियमाची छापील प्रत चिकटवलेली होती, क्रमांक २७२५. ब्रोकरने 'वाजवी देखरेख' करायची म्हणजे काय काय बघायचं, त्याची यादी. व्यवहार, व्यवहारातली महत्त्वाची कागदपत्रं, ती कुठे आणि कशी ठेवली, लोकांचे पैसे कसे हाताळले, जाहिराती, आणि भेदभावविरोधी कायदे हाताखालच्यांना माहीत आहेत की नाहीत. काम दुसऱ्यावर सोपवता येतं, जबाबदारी सोपवता येत नाही. मी एखादा गुन्हा केला आणि बाईंना त्याचा पत्ताच नव्हता, तर तेवढ्यावरून त्यांचा परवाना जात नाही. पण पत्ता का नव्हता, हा प्रश्न खातं विचारू शकतं. देखरेख न करणं हा त्यांचा स्वतःचा, वेगळा दोष ठरतो. हे त्यांनी मला समजावलं तेव्हा मी मान हलवली. वर्गात न कळता मान हलवणारी मुलं मी नऊ वर्षं पाहिली आहेत. ती अशीच हलवतात.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ओळखीतले एक काका. मुलाच्या जवळ राहायचं म्हणून निवृत्तीनंतर घर घेणारे. ऑगस्ट २०२४ पासून इथे घर दाखवायच्या आधीच खरेदीदार आणि एजंट यांच्यात लेखी करार व्हावा लागतो. काकांपुढे कागद ठेवला तर त्यांचा चेहरा पडला. "तुझ्या लग्नात अक्षता टाकल्यात मी. माझ्यावर विश्वास नाही?" काकूंनी त्यांना पेन हातात दिलं, तेव्हा कुठे सही झाली. नंतर त्याच काकांनी भलताच विश्वास दाखवला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफर मान्य झाली आणि त्यांनी इसाराचा चेक माझ्या हातात ठेवला. इथे बहुतेक लोक हे पैसे बँकेतून थेट एस्क्रोकडे, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिऱ्हाईत कंपनीकडे, पाठवतात, पण काका जुन्या वळणाचे. एस्क्रो कंपनीच्या नावाने पंचेचाळीस हजार डॉलर.

माझ्या आयुष्यातला धंद्यातला पहिला चेक. मी तो घरी नेला, देवघरात गणपतीपुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि शनिवार-रविवार तो तिथेच राहिला. सोमवारी दहा वाजता मोठ्या आनंदाने बाईंच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी आधी तारीख पाहिली, मग कुंकवाचा डाग. "हा तुझ्याकडे कधी आला?"

"शुक्रवारी. पण नियम तीन कामाच्या दिवसांचा आहे ना? परीक्षेत होता."

"तीन दिवस माझे आहेत, तुझे नाहीत. तुझ्यासाठी शब्द 'ताबडतोब' आहे. आणि माझे तीन दिवस तुझ्या हातात चेक पडला तेव्हाच सुरू झाले."

म्हणजे त्या आपल्या घरी निवांत झोपलेल्या, आणि त्यांचं घड्याळ माझ्या देवघरात चालू. त्यांनी ट्रस्ट फंडाच्या, म्हणजे लोकांच्या पैशांच्या, वहीत चेकची नोंद केली, कोणी दिला, कधी, किती, पुढे कुठे. मग स्वतः गाडी काढून एस्क्रोत देऊन आल्या. ओरडल्या नाहीत. शाळेत मीही ओरडत नसे. त्याने जास्त लागतं, हे मला माहीत होतं.

लोकांच्या पैशांबाबत इथला कायदा फार सोवळा आहे. ट्रस्ट खात्यात ब्रोकरने स्वतःचे पैसे ठेवायचे नाहीत. अपवाद फक्त २०० डॉलरपर्यंतचा, तेही बँकेचे आकार भागवायला. अभ्यास करताना हा आकडा मला हास्यास्पद वाटला होता. तो आता वाटत नाही.

या सगळ्याची मजा मी पुण्यातल्या मामेभावाला फोनवर सांगत होते. तो कोथरूडला घरांचंच काम करतो. म्हणाला, "हसू नकोस, आमच्याकडेही २०१७ पासून महारेराची नोंदणी लागते, आणि २०२३ पासून शिकून परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं." मला डोळ्यांपुढे तात्या दिसले, पेन्सिल कानावर ठेवून परीक्षेला बसलेले.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

मला पहिलं घर विकायला मिळालं. तीन बेडरूम, पूर्वाभिमुख, मागे लिंबाचं झाड. मी आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक छान मजकूर टाकला. लिहिताना मलाच भरून आलं. घराचा उजेड, स्वयंपाकघराला लागून देवघराजोगा कोनाडा, शाळा चालत, आणि शेवटी, "आजूबाजूला सगळी आपली माणसं. गणपतीत आरतीला अख्खी गल्ली जमते." चौसष्ट अंगठे आले. मी फोन घेऊन बाईंकडे गेले, शाबासकी मिळेल म्हणून.

"वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत."

मी सुरुवात केली. बेडरूम झाल्या, लिंबाचं झाड झालं. शेवटच्या ओळीशी आले आणि 'आपली माणसं' याला इंग्रजी शब्द शोधताना माझी जीभ अडली. मराठीत त्या दोन शब्दांत माझी आई आहे, आळी आहे, अडीअडचणीला वाटी घेऊन दारात येणारी शेजारीण आहे. इंग्रजीत ते 'आपल्या वंशाचे लोक' झालं. मी ते मोठ्याने म्हटलं आणि मलाच ऐकू आलं.

परवान्यासाठीच्या अभ्यासक्रमात २०२४ पासून समान घरहक्काच्या कायद्याचा भाग सक्तीचा आहे. त्यात नुसतं वाचून भागत नाही, एकदा गिऱ्हाईक आणि एकदा एजंट होऊन संवाद करून दाखवावे लागतात. मी ते अगदी मन लावून केले होते. एजंट म्हणून मी ठामपणे म्हटलं होतं की कुठल्या वस्तीत कोण राहतं हे मी सांगू शकत नाही. पण ते सगळं इंग्रजीत होतं. मराठीत बोलताना तो कायदा मला लागू आहे, असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मराठीत मी एजंट नव्हतेच, घरातली होते.

बाईंनी चष्मा काढला. कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि १९४० च्या सुमाराच्या एका घराचा करार माझ्यापुढे ठेवला. त्यात एक कलम होतं. या जागेत गोऱ्या वंशाखेरीज कोणी राहायचं नाही, घरगड्यांचा तेवढा अपवाद. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी कलमं न्यायालयं अंमलात आणणार नाहीत, पण कागदावरून ती गेली नाहीत. जुन्या घरांच्या कागदांत अजून सापडतात आणि त्यावर 'हे कलम रद्दबातल आहे' असा मजकूर जोडलेला असतो. मग त्यांनी मला १९१३ चा कॅलिफोर्नियाचा जमीन कायदा माहीत आहे का विचारलं. नागरिकत्व मिळायला जे अपात्र, त्यांना शेतजमीन घेता यायची नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल लागला की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. झालं, इथे शेती करणारे पंजाबी त्या कायद्यात अडकले. तो कायदा १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला.

"तेही म्हणायचे, आजूबाजूला सगळी आपली माणसं," एवढंच बाई बोलल्या.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझी ती ओळ आणि तो करार एका तराजूत? मी कोणाला बाहेर काढत नव्हते, मी बोलावत होते. गाडीत बसून मी बराच वेळ मनातल्या मनात भांडले. माझं अजूनही म्हणणं आहे की परक्या देशात सणाला चार ओळखीचे चेहरे हवेत, यात पाप नाही. गिऱ्हाइकाने ते हवं म्हणावं, शोधावं, तो त्याचा प्रश्न. पण घर विकणारीने ते घराचा गुण म्हणून मांडावं का? तो मजकूर त्याच गल्लीतल्या व्हिएतनामी आजीबाईंना किंवा घर बघायला आलेल्या एखाद्या मेक्सिकन जोडप्याला कोणी वाचून दाखवला असता, तर त्यांना तो बोलावणं वाटला असता का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि मजकुरात आणखी दोन भोकं होतीच. माझा परवाना क्रमांक नव्हता आणि बाईंचं नावही नव्हतं. जाहिरातीत ही दोन्ही लागतात. शिवाय वर मी लिहिलं होतं, "तुमची मराठी ब्रोकर". ब्रोकर नसताना.

मजकूर लगेच काढला. पण बाईंची पंचाईत वेगळीच होती, आणि मुलाखतीतला तो प्रश्न मला आत्ता उमगला. त्यांच्या नियमात 'जाहिराती' असा शब्द आहे, कुठल्या भाषेतल्या हे लिहिलेलं नाही. म्हणजे सगळ्या. मी मराठीत जे लिहिते, ज्यातलं त्यांना अक्षरही लागत नाही, त्याला त्या जबाबदार. न कळणाऱ्या भाषेवर देखरेख करायची कशी?

तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. माझा प्रत्येक मराठी मजकूर आधी बाईंकडे जातो. खाली मी इंग्रजी भाषांतर लिहायचं, ते बरोबर असल्याची सही करायची. मग त्या मशीनकडून दुसरं भाषांतर करून घेतात आणि दोन्ही शेजारी ठेवतात. पहिल्याच वेळी मशीनने 'देवघर' म्हणजे देवाचं घर असं सांगितलं आणि बाईंनी घाबरून फोन केला, "तू चर्च विकते आहेस का?" शेवटी कोनाडा राहिला, देवघर गेलं. घराचं वर्णन कर, माणसांचं नको, हे त्यांचं सूत्र. हिरव्या शाईत सही होते आणि कागद फाइलमध्ये जातो. व्यवहाराचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात, त्यात आता माझं मराठीही आहे. शाळेत असताना माझ्या निबंधांची एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

तोंडी बोलण्याचं काय, हा पेच उरलाच. मराठी माणूस घर बघताना विचारतो त्या प्रश्नांना परीक्षेत जागा नव्हती. एका आजोबांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "घरात कोणी गेलंय का गं?" आणि मी चक्क उत्तर देऊ शकले. इथल्या कायद्यात तेही आहे. घरात मृत्यू होऊन तीन वर्षं उलटली असतील तर आपण होऊन सांगायची सक्ती नाही, पण कोणी सरळ विचारलं तर खोटं बोलता येत नाही. आजोबांना हा नियम फार आवडला. तीन वर्षांत वर्षश्राद्धंही होतात, म्हणाले.

मागच्या महिन्यात पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं ऑफिसात आलं. बाई शेजारच्या खुर्चीत बसल्या, वही घेऊन. अशा भेटींना त्या अधूनमधून बसतात. कळत काही नाही, पण माझा चेहरा बघत असतात. बोलणं चांगलं चाललं होतं, कर्ज, शाळा, ऑफिसचं अंतर. मग ती मुलगी पुढे झुकली.

"ताई, तिथे आपली माणसं आहेत का हो?"

मी थांबले. बाईंच्या लक्षात आलं. पेन थांबलं.

मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही गं. दोघं मिळून एखाद्या संध्याकाळी जा, बागेत बसा, दुकानात डोकवा, चार लोकांशी बोला. तुम्हाला कुठे बरं वाटतं ते तुम्ही ठरवा. घर कसं आहे ते मी सांगते." मुलगी जरा हिरमुसली. मला माहीत आहे तिला काय हवं होतं. सोळा वर्षांपूर्वी मलाही तेच हवं होतं, आणि कोणीतरी ते मला गाडीत बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं.

ती दोघं गेल्यावर बाईंनी विचारलं, "ती मुलगी काय म्हणाली? तू थांबलीस तेव्हा?"

मी सांगितलं. भाषांतर न करता, शब्द तसेच.

बाईंनी ते दोनदा म्हणून पाहिले. मग हिरव्या पेनने वहीत रोमन अक्षरांत 'आपली' असं लिहिलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढून माझ्याकडे वही सरकवली, स्पेलिंग बरोबर आहे का बघायला.